मालकांनी घडवलेली साखळी

मालगुजारी गेल्यावर चांदा जिल्ह्यातल्या मालगुजारांनी नाना उद्योग काढले. कुणी धानाची गिरणी टाकली, कुणी जंगलाचे ठेके घेतले, कुणी निवडणुकीला उभे राहिले आणि पडले. गडचिरोली तहसिलीतल्या चिचटोल्याचे गुणवंतराव लोहार झाले.

पोटासाठी नव्हे. घरची जमीन आणि आमराई शिल्लक होती आणि ती भरपूर होती. गेला होता तो दिवस. सकाळी ओसरीवर बसावं, रयत यावी, गाऱ्हाणी ऐकावीत, कुणाला शिव्या द्याव्यात, कुणाला सोडून द्यावं, की जेवणाची वेळ होई. हा भरगच्च दिवस कायद्यानं काढून घेतला आणि बदल्यात काही दिलं नाही. अशात नागपूरच्या एका प्रदर्शनात त्यांनी चष्मा लावलेला, गोरागोमटा गृहस्थ कातडी एप्रन बांधून लोखंड ठोकताना पाहिला. भोवती बघ्यांची गर्दी होती. गुणवंतरावांना गर्दी आवडली, म्हणून काम आवडलं.

सामान नागपूरहून वडशापर्यंत रेल्वेनं आणि वडशाहून बैलगाडीनं आलं. विलायती ऐरण, हातानं फिरवायचा पंखा, लहानमोठे हातोडे, कानशी, सांडशा, एक इंग्रजी पुस्तक आणि काळ्या काचांचा, दोन्ही बाजूंनी चामडं लावलेला चष्मा. गोठ्यातली जनावरं हलवली आणि तिथे भट्टी बसली. ऐरण किती उंच ठेवावी हे पुस्तकात स्पष्ट होतं: उभं राहून हात खाली सोडावा, मूठ जिथे येते तिथे ऐरणीचा माथा यावा. गुणवंतरावांनी तसं करून पाहिलं. मग थोडं वाकावं लागतं हे त्यांच्या ध्यानात आलं. चिचटोल्यात मालगुजारानं कुणासमोर वाकण्याची रीत नव्हती, लोखंडासमोरही नाही. ऐरण सागाच्या ओंडक्यावर चढवून थेट बेंबीपाशी आणली. हातोडा उचलायला जागाच उरली नाही, पण उभं राहिलेलं छान दिसे.

पंखा फिरवायला देवाजी होते. देवाजी पूर्वीचे दिवाणजी. मालगुजारीबरोबर दिवाणगिरी गेली, पण त्यांना घरी जा असं कुणी म्हटलं नाही आणि तेही गेले नाहीत. आधी ते मालकांच्या बोलण्यावर मान हलवत, आता पंखा हलवत. मान हलवणं चालूच होतं.

रविवारी सकाळी गुणवंतराव गावाला लोहारकाम शिकवत. गाव येई, कारण न येण्याची सवय नव्हती. एरवी ते त्या झाडीपट्टीची बोली बोलत. रविवारी मात्र शुद्ध भाषा बाहेर निघे.

"धोतराचा सोगा खोचून घ्यावा. लोंबता सोगा आगीला आमंत्रण देतो. लोखंड काळे दिसले म्हणजे थंड झाले, असे समजू नये. आधी हाताची पाठ जवळ नेऊन धग पाहावी. हातोड्याचा दांडा ढिला झाला तर तो पाण्यात भिजत घालू नये. लाकूड तेवढ्यापुरते फुगते आणि वाळले की पहिल्यापेक्षा ढिले होते. पाचर ठोकावी. कानस पुढे ढकलताना दाबावी, मागे घेताना उचलावी. कळले का?"

"होय मालक," गाव म्हणे.

सांगण्यात एक चूक नव्हती. वस्तूला शेवटचा हात कसा द्यायचा हे तर ते फारच छान सांगत. तारेच्या कुंचल्यानं कीट झाडायचं, कानशीनं कडा मारायच्या, मग लोखंड हलकं तापवून जवसाच्या तेलाचा हात फिरवायचा. धूर निघून गेला की वर मेण. लोखंड असं काळंभोर, तुकतुकीत होई की लोणच्याच्या बरणीतून काढल्यासारखं वाटे. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत, त्या आपोआप पेट घेतात, हेही ते बजावत. चिचटोल्यात तेलाच्या चिंध्या फक्त त्यांच्याचकडे होत्या.

लोक त्यांच्याकडे विळे आणत, कुऱ्हाडी आणत, नांगराचे फाळ आणत. बोलावणं जाई. "लटारूचा विळा बोथट झालेला दिसतो," असं मालक सहज म्हणत आणि लटारू विळा घेऊन हजर होई. मालकांनी परत दिलेला विळा आरशासारखा चमके. लटारू पुढच्या फाटकातून नमस्कार करत बाहेर पडे आणि मागच्या गल्लीनं सोमाजी लोहाराकडे जाई. सोमाजी पुन्हा तापवून, ठोकून, धार आणि पाणी देऊन तो विळा कापण्याजोगा करी. धान कापताना मालक बांधावर उभे राहत आणि आपल्या विळ्यांनी पीक कसं सपासप पडतंय ते बघत. त्यांचा आपल्या हातावर विश्वास बसला, यात त्यांचा दोष अर्धाच. अर्धा गावाचा.

घरातलं लोखंड मात्र मागच्या गल्लीनं जात नसे. त्यांनी स्वयंपाकघरासाठी एक सांडशी केली होती. तिच्या सांध्याची खीळ एका सकाळी निसटली आणि उकळत्या वरणाचं पातेलं अन्नपूर्णाबाईंच्या पायावर गेलं. अन्नपूर्णाबाई म्हणजे गुणवंतरावांची बायको. त्यांनी पायाला कोरफड लावली आणि सांडशी नवऱ्यापुढे ठेवली. गुणवंतरावांनी ती उलटीसुलटी करून पाहिली.

"पायात काय होतं?"

"कायले?"

"पायात जोडा होता का? भट्टीवर मी जोड्याशिवाय पाय ठेवत नाई. नियम पाळला नाई तर सांडशी काय करन?"

त्या दिवसापासून अन्नपूर्णाबाईंनी त्यांच्या कामाबद्दल बोलणं सोडलं. फडकं घेऊन पातेली उतरवू लागल्या.

पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांची एकुलती एक मुलगी कमळा बाळंतपणाला माहेरी आली. गुणवंतरावांनी जाहीर केलं की नातवंडाच्या पाळण्याची साखळी ते स्वतः घडवणार. सागवानी पाळणा घरात होताच. तो छताच्या तुळईतल्या आकड्याला एका साखळीवर टांगायचा, कडी न् कडी आजोबाच्या हातची.

साखळीची कडी करायची म्हणजे सळईचा तुकडा गोल वाकवायचा, दोन्ही टोकं तिरपी चपटी करून एकावर एक आणायची, आणि भट्टीत ती इतकी तापवायची की वरचा पापुद्रा तुपासारखा ओला दिसू लागतो. त्या क्षणी बाहेर काढून दोन-चार नेटके घाव घातले की टोकं एकजीव होतात. हा क्षण डोळ्यांनी ओळखायचा असतो. गुणवंतरावांचे डोळे काळ्या काचांमागे होते. चष्मा सुरक्षेसाठी होता, तो काढण्याचा प्रश्नच नव्हता. त्यातून पांढरं लोखंड तांबडं दिसे आणि ओली चमक दिसतच नसे. पहिल्या काही कड्या त्यांनी वाट पाहता पाहता जाळल्या. टोकांतून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडाल्या. देवाजींच्या पागोट्याला भोक पडलं. तेव्हा गुणवंतरावांनी नवा नियम केला: ठिणगी म्हणजे अपघात. ठिणगी दिसण्याच्या पुष्कळ आधी कडी बाहेर काढायची.

आणखी एक नियम त्यांचा स्वतःचा होता. भट्टी आणि ऐरण यांत मोकळी जागा हवी, धावपळीत कुणी आगीत पडू नये म्हणून. जागा चांगली ऐसपैस होती. आधीच कमी तापलेली कडी सांडशीत धरून मालक संथ पावलांनी ऐरणीपर्यंत जात, तोवर ती आणखी निवे. बेंबीपाशी आलेल्या ऐरणीवर मग हलकेच टकटक होई.

टोकं एकमेकांवर बसत, एकमेकांत शिरत नसत. पण पुढचं काम मालकांच्या हातचं होतं. कानशीनं त्यांनी प्रत्येक जोडाची रेघ घासून नाहीशी केली. तेलानं काळी केली. मेणानं तुकतुकीत केली. आणि शेवटी नागपूरहून करवून आणलेल्या ठशानं प्रत्येक कडीवर 'गु' मारला.

मुलगी झाली. घरात आनंद झाला. त्याच आठवड्यात साखळी पुरी झाली आणि गुणवंतरावांनी ती ओसरीवर माणसांत मांडली. सोमाजीला मुद्दाम बोलावलं होतं.

"पाह्य रे. जातीचा लोहार हायस. सांग काय ते."

सोमाजीनं खिळे ठोकायची लहान हातोडी घेतली आणि एकेक कडी उचलून वाजवली. दोन कड्या खणखणीत वाजल्या. बाकीच्या फुटक्या मडक्यासारख्या बोलल्या. आतल्या दारात कमळा बाळाला घेऊन उभी होती. तिनं लोखंडाकडे नाही, सोमाजीच्या तोंडाकडे पाहिलं. सोमाजीचं तोंड क्षणभर वाकडं झालं आणि मग सरळ झालं.

"वा मालक! हत्ती बांधा."

"होय मालक," ओसरी म्हणाली.

त्या दुपारी मालक झोपल्यावर अन्नपूर्णाबाई परसदारानं सोमाजीच्या भट्टीवर गेल्या. मालगुजारीणबाई लोहाराच्या दारात आल्याचं गावानं पहिल्यांदाच पाहिलं.

"सोमाजी, खरं सांग. जोड धरला का?"

सोमाजीनं आधी इकडेतिकडे पाहिलं. "दोन कड्या धरल्या हायेत बाई. बाकीच्याईची वरून चमडी धरली. आत काई नाई."

"मंग ओसरीवर वा वा काऊन केलं?"

"मालकाले कोन सांगन? माही भट्टी त्याईच्याच जागेत हाय."

"अन् पोट्टी पडली तं?"

"वर्त देव हाय न बाई."

"वर्त देव नाई, आकडा हाय. अन् खाली दगडाची फरशी हाय."

सोमाजीनं भात्याचा दोर सोडून दिला. अन्नपूर्णाबाईंनी मग सरळ मार्ग विचारला. साखळी गुपचूप आणून देते, कड्या पुन्हा जोडून दे. सोमाजीनं डोकं हलवलं.

"तापवली का मालकाचा शिक्का गेला. काळा रंग गेला. ते रोज हात फिरवून पाह्यते म्हनते. अन् तसा ठसा माह्याकडं नाई."

"ठसा कुठी हाय ते मले माहीत हाय. करदोट्याले बांधला हाय त्याईनं."

"मंग झालं तं," सोमाजी म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती. काम टळल्याचा आनंद लपवणं त्याला जमत नसे.

घरी आल्यावर अन्नपूर्णाबाईंनी कमळाला सगळं सांगितलं. आता नियमाप्रमाणे बापाला सांगणं उरलं होतं. ते कमळानं केलं, आडवळणानं.

"बाबा, बाळ झोळीत चांगलं झोपते. बुधरीनं बांधली हाय. राहू द्या न झोळीच."

बुधरी ही जंगलातल्या पाड्यावरची गोंड बाई, घरात वर्षानुवर्षं कामाला. ती तिथेच बाळाचे लंगोट घडी करत होती.

"झोळी?" गुणवंतराव म्हणाले. "माही नात झोळीत झोपन? पाड्यावरच्या पोट्ट्यांसारखी? तुह्या सासरचे लोक येऊन राह्यले. त्याईले काय झोळी दाखवू?"

बुधरीनं घडी केलेला लंगोट उलगडला आणि पुन्हा घडी केली.

"साखळी एकदा कोनाले दाखवून..." कमळा म्हणाली.

"सोमाजीनं पाह्यली. साऱ्या गावानं पाह्यली. आनखी कोन पाह्याचं राह्यलं?"

सोमाजीचं नाव घेतलं तर त्याची भट्टी उठली असती, आणि भट्टी उठली असती तरी साखळी तिथेच राहिली असती. गुणवंतरावांनी स्वतः शिडीवर चढून साखळी टांगली आणि खाली आरामखुर्ची टाकून बसले. नामकरणापर्यंत ते बहुतेक वेळ तिथेच होते. तोंड वर करून आपलं काम बघत राहण्यात त्यांचे दिवस पुन्हा भरगच्च झाले.

नामकरणाच्या दिवशी बायकांनी माजघर भरलं. पुरुष ओसरीवर. कमळाची सासू आरमोरीहून सोन्याची मणीमाळ घेऊन आली होती आणि पाळण्याशेजारी मानानं बसली होती. रीतीप्रमाणे पुरुषांनी आत यायचं नसतं, पण साखळीचे कर्ते म्हणून गुणवंतराव आले, आणि त्यांच्यामागून देवाजी आले. मालकांनी बायकांना थोडक्यात माहिती दिली. सळई कोणती, कानस कोणती, तेल कोणतं. बाळंतिणीनं पाळण्याजवळ लोंबता पदर ठेवू नये हेही सांगितलं.

बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा ठेवायची सगळीकडेच पद्धत आहे. अन्नपूर्णाबाईंनी वरवंट्याला कुंची घातली, काजळाचं बोट लावलं आणि पाळण्यात ठेवला. बायका गाऊ लागल्या. पाळणा हलला. साखळी शांत.

मग अन्नपूर्णाबाईंनी बुधरीकडे पाहिलं. बुधरी स्वयंपाकघरातून पाटा घेऊन आली. दोन्ही हातांनी, पोटाशी धरून.

"पाटा कायले?" गुणवंतराव म्हणाले.

"आमच्या शिरोंच्याची रीत हाय. वरवंटा लेकरू, पाटा माय. लेकरू एकलं ठेवत नाईत," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

शिरोंच्यात अशी कुठलीही रीत नव्हती. पण अन्नपूर्णाबाईंचं माहेर गोदावरीकाठी, आई तेलुगू बोलणारी. लग्न होऊन आल्यापासून त्यांच्या आंबट वरणापासून लुगड्याच्या निऱ्यांपर्यंत सगळ्याला चिचटोलं शिरोंच्याची रीत म्हणून हसत आलं होतं. त्यामुळे तिकडची रीत तपासून पाहणारं तिथे कुणीच नव्हतं.

"अगोबाई, पाटा?" कमळाची सासू म्हणाली. "आमी नाई आयकलं कधी."

"रीत असन तं मोडू नाई मालक," देवाजी म्हणाले. त्यांना कुठल्याही गोष्टीला होय म्हणायची सवय होती, ती या वेळी कामी आली.

पाटा पाळण्यात गेला. पाळण्याच्या फळ्या करकरल्या. बायकांनी गाणं धरलं, पण हळू आवाजात, सगळ्यांचे डोळे वर. पाळणा एकदा गेला, आला. पुन्हा गेला, आला.

साखळी टिकली.

ती सगळ्यांदेखत तुटावी म्हणूनच अन्नपूर्णाबाईंनी पाटा आणवला होता. ज्या कड्यांच्या आत काही नव्हतं, त्या नुसत्या चामडीवर पाटा पेलून धरत होत्या. आज पेलल्या म्हणजे उद्या पेलतीलच असं नव्हतं, पण हे आता कुणाला सांगणार? गुणवंतरावांचा चेहरा फुलला होता. ते दारातून पाळण्यापर्यंत आले.

"काढा ते दगड. आना माही नात."

कमळाची सासू बाळ घ्यायला उठली. कमळानं बाळ छातीशी धरलं आणि ती मागे सरली.

"काऊन वो?" सासू म्हणाली.

कमळानं आईकडे पाहिलं. अन्नपूर्णाबाईंनी वरवंटा उचलला, बुधरीनं पाटा. मग अन्नपूर्णाबाई कमळाच्या सासूकडे वळून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बरी हाय साखळी. घरगुती कामाले बरी. पाट्यापुरती."

गुणवंतराव थांबले. "पाट्यापुरती?"

"मी कुठी वाईट म्हनलं? विकतच्या साखळीले मानूस लटकते, हे अलग."

"मानूस!"

"जाऊ द्या जी. तुमी काई मनावर घेऊ नोका. आनतो बाळ."

तीस वर्षांच्या संसारात अन्नपूर्णाबाईंना नवऱ्याचं मन वळवता आलं नव्हतं. पेटवता मात्र येत होतं. गुणवंतरावांनी उपरणं देवाजींकडे फेकलं, पाळणा बाजूला सारला, दोन्ही हातांनी साखळी शक्य तितकी उंच धरली आणि पाय उचलले.

"पाहून घ्या," ते लटकत म्हणाले. "याले म्हनतात..."

कशाला काय म्हणतात ते राहिलं. वरून तडकन आवाज आला आणि मालक, पाळणा आणि अर्धी साखळी फरशीवर आली. पाळण्याची एक बाजू फुटली. मालक बसले त्या स्थितीतच राहिले, पाय लांब, हातात साखळीचं टोक.

माजघरात कुणी हसलं नाही. हसू आलं होतं. ते पदराआड, तोंडात, पोटात जिथे जमेल तिथे दाबलं गेलं. ओसरीवरचे पुरुष दारात गोळा झाले. पहिले देवाजी बोलले, वर तुळईकडे बोट करून.

"मालक, मयाल जुनी हाय. मी कवाचा म्हनून राह्यलो."

"नजर लागली जी," दारातून कुणीतरी म्हणालं.

"पाट्यानं घात केला," कमळाची सासू म्हणाली. "शिरोंच्याची रीत इकडं चालत नाई, बाई."

गुणवंतराव तुटलेली कडी बघत होते. जोड उघडला होता. आतली दोन्ही टोकं सपाट, काळी, एकमेकांना कधी न भेटलेली. फक्त कडेला केसाएवढी रेघ चमकत होती, तेवढीच धरलेली. पुस्तकात याचं चित्र होतं. चित्राखाली काय लिहिलंय ते त्यांना पाठ होतं, गेल्या रविवारीच त्यांनी ते गावाला समजावून सांगितलं होतं. त्यांनी वर पाहिलं. तुळई जागच्या जागी होती. त्यांनी कमळाच्या कुशीतल्या बाळाकडे पाहिलं. क्षणभर असं वाटलं की ते काहीतरी बोलतील.

ते बोलले. शुद्ध भाषेत.

"घाबरण्याचे कारण नाही. ही चाचणी होती. कोणतीही वस्तू वापरात आणण्यापूर्वी घडवणाऱ्याने ती स्वतःच्या अंगावर तपासून घ्यावी. सुरक्षेचा हा पहिला नियम आहे. मी मुद्दामच लटकलो."

"होय मालक," दार म्हणालं.

अन्नपूर्णाबाईंनी मान खाली घालून पाट्यावरचं हळदीकुंकू पुसलं. हा नियम त्यांनी नवऱ्याला तिथल्या तिथे देऊन टाकला. त्यांना जे हवं होतं ते झालं होतं.

देवाजी आणि लटारूनं मालकांना उठवून आरामखुर्चीत बसवलं. आता मुहूर्ताचं काय? मालकांनी कंबर धरून सोमाजीला हाक मारली. सोमाजी पुरुषांच्या मागे उभा होता, तो पुढे आला.

"तुह्याकडं तयार साखळी हाय?"

"हाय जी. आनतो."

तो पळत गेला आणि पळत आला. त्याची साखळी राकट होती. काळीभोर नव्हती, तुकतुकीत नव्हती, हातोड्याचे घाव तिच्यावर उघडे दिसत होते. विचारायच्या आधीच त्यानं खिशातून हातोडी काढून कड्या वाजवल्या. साऱ्या खणखणल्या. सोमाजीची छाती फुगली. आजच्या दिवसात सगळ्या गावासमोर आपलं लोखंड वाजवायची संधी त्याला मिळेल असं त्याला सकाळी वाटलं नव्हतं.

"आयका ताई. एक बी कडी फुटकी बोलत नाई."

"हो," कमळा म्हणाली. "बाबाची साखळी बी तूच वाजवली होती न?"

सोमाजीनं हातोडी खिशात टाकली.

"तवा काय आयकलं होतं तू?"

"ताई, ते अलग होतं. हे अलग."

"मले अलग आयकू येत नाई. तुले येते. पन तू सांगत नाईस."

"कमळा," गुणवंतराव खुर्चीतून म्हणाले, "लोहार चांगला हाय तो."

"असन. हात चांगला असन, बाबा. त्या साखळीखाली झोपाचं हाय माह्या लेकराले. मी रोज याच्या तोंडाकडं पाहून समजू का, साखळी झिजली का नाई ते?"

दारातल्या पुरुषांमधून या वेळी होय मालक आलं नाही. कुणाला होय म्हणायचं ते नीट ठरत नव्हतं. लटारू आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. सोमाजीनं साखळी गोळा केली. ती गोळा करताना कड्या पुन्हा खणखणल्या आणि त्यानं त्या घाईघाईनं हातात दाबून धरल्या.

"मंग नाव कशात ठेवता?" सासूनं विचारलं. "हातात?"

"झोळीत," कमळा म्हणाली. "बुधरी, बांध इथीच. त्याच आकड्याले."

बुधरीनं मालकांकडे पाहिलं नाही. तिनं खुंटीवरचं धुवट लुगडं काढलं, शिडीवर चढली, वर उरलेली अर्धी साखळी काढून टाकली, आकडा दोन्ही हातांनी हलवून पाहिला आणि लुगड्याला दोर घालून गाठ मारली. कमळाच्या सासूनं तोंड फिरवलं. मग मुहूर्त टळेल म्हणून पुन्हा वळवलं.

झोळी खाली आली. बायकांनी गाणं धरायला तोंड उघडलं. कमळानं हात वर करून त्यांना थांबवलं, बाळ आईकडे दिलं, आणि झोळीत स्वतःचे दोन्ही हात घालून, सगळा भार टाकून ओढलं. एकदा, मग आणखी एकदा, जोरानं.

"ओढ बाई, ओढ," बुधरी शिडीवरून म्हणाली. "मी बी तेच केलं असतं."

गाठ हलली नाही. मालकांना खुर्चीसकट ओसरीवर नेलं होतं, तिथे कुणीतरी त्यांना पाणी दिलं. ते पुरुषांना सांगत होते की चाचणी करताना फरशीवर आधी गोणपाट अंथरावं, हे आज अनुभवानं कळलं, आणि पुरुष म्हणत होते, होय मालक. आत कमळानं बाळाला झोळीत ठेवलं, सासूनं वाकून कानात नाव सांगितलं. चंदा. मग बायकांनी गाणं धरलं, या वेळी पूर्ण आवाजात.